काशी बोलेना

१

माघातल्या एका सोमवारी सकाळी नंदिगड्ड्याच्या परशूअप्पांच्या घरात काशी बोलली नाही.

त्या घरात काशी म्हणजे तांब्याचा एक गडू. दोन्ही तळहातांच्या ओंजळीत मावेल एवढा, झाकण घातलेला, झाकणाभोवती लाल लाखेची वळी. एकतीस वर्षांपूर्वी अप्पांच्या पत्नी राजेश्वरीबाई यात्रेच्या बसने काशीला गेल्या आणि गंगेचे पाणी भरलेला तो गडू घेऊन आल्या. पुढच्याच वर्षी त्या बेळगावच्या इस्पितळात गेल्या आणि तिथेच वारल्या. गडू इकडे देव्हाऱ्यात राहिला. तेव्हापासून अप्पांनी तो आपल्या शेवटच्या घोटासाठी राखला होता. दर सोमवारी ते गडू कानाशी धरून हलवीत. विकणाऱ्याने तो गळ्यापर्यंत भरला नव्हता, त्यामुळे आतले पाणी डुचमळे. “गंगा बोलती,” असे म्हणून मगच ते चहा घेत. गेल्या वर्षी अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली. तेव्हापासून त्यांच्या कानाशी गडू हलवण्याचे काम सून कमल करी.

त्या सोमवारी कमलने गडू हलवला. आवाज आला नाही. तिने पुन्हा हलवला.

“रिकामी केली,” अप्पा म्हणाले. “कुनीतरी माजी काशी रिकामी केली.”

त्यांनी पुढे आलेला चहा डाव्या हाताने सारला. हे कोणी केले ते कळेपर्यंत तोंडात थेंब घेणार नाही, असे सांगितले. गडूला कोणी हात लावायचा नाही, असेही सांगितले. आणि भिंतीकडे तोंड केले.

मला हे बुधवारी सकाळी कळले. अप्पांचा मुलगा गणपती याचा फोन आला.

“मास्तर, या की जरा. दोन दिस झालं, आप्पा पान्याला शिवंना. डॉक्टर म्हनतोय, आज सांजपातुर बगू, न्हाईतर अवघड हाय.” मग तो थांबला. “आनि आत्ती म्हनती, काशी तुमीच नेलीसा.”

२

मी रामनगरचा. बेळगावातले एक लहानसे मंडळ या पट्ट्यातल्या बोलीचा कोश करत आहे आणि त्यासाठी मी गावोगाव शब्द टिपत हिंडतो. माणसांशी बोलणे मला फारसे जमत नाही. शब्दाचा अर्थ विचारणे मात्र जमते, कारण अर्थ विचारला की माणूस माझ्याकडे पाहत नाही. तो आपल्याच आत कुठेतरी पाहू लागतो.

गडू मुका झाला त्याच्या आधीच्या सोमवारी मी या घरात एकच शब्द घेऊन आलो होतो: काशी. एका जुन्या नगराचे नाव हजार कोस चालत या रानापर्यंत आले होते आणि वाटेत त्याला किती रूपे फुटली होती, ते मला पाहायचे होते. अप्पांनी गडू दाखवला. गणपती लॉरी चालवतो; तो म्हणाला, “घाटात गिअर तुटला, गाडीची काशी झाली.” फुलाआत्ती, अप्पांची विधवा बहीण, मला परसात घेऊन गेली आणि वेलावरचे दोन लाल भोपळे दाखवून म्हणाली, “ही बग काशी. कुटं लांब जातोस?” देवळाचे पुजारी शिवानंद यांना लग्नातला रुसवा आठवला: नवरा छत्री घेऊन काशीला निघतो आणि नवरीचा भाऊ त्याला वळवून आणतो. कमल शेवटी बोलली. ती दिग्गीची, ते गाव पार रानात.

“आमच्यात म्हातारं मानूस म्हनतंय, आता झऱ्यापातुर जायाचं म्हंजे काशी. पाय पोचत न्हाईत त्यी काशी.”

मी सगळे टिपून घेतले होते. अप्पांच्या परवानगीने गडूचा आवाजही फोनमध्ये घेतला होता. तोच आता माझ्यावर उलटला होता.

मी उंबऱ्यात पोहोचताच फुलाआत्ती पुढे आली. “ह्योच त्यो! फोनात घालून नेली गंगा. आवाज गेल्यावर पानी ऱ्हातंय व्हय?”

“आत्ती, फोनात पाणी मावत नाही,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

“मावतंय की,” गणपती म्हणाला. “मागल्या साली माज्या फोनात मावलंवतं. तवापासनं त्यो मुका हाय.”

कोणी हसले नाही. खाटेवर अप्पा पडले होते. त्यांच्या ओठांवर पांढुरकी साल धरली होती आणि मधूनमधून जीभ तिच्यावरून फिरून परत जात होती. उशाशी पाण्याचा भरलेला पेला तसाच होता. त्यावर एक माशी चालत होती.

“पोराला उचलू दे काशी,” अप्पा म्हणाले. शब्द जाडसर, ओढत येत होते. “गंगा हातात घिऊन खोटं बोलशील तर हात झडंल. उचल आनि सांग.”

गंगा उचलून शपथ घेण्याची रीत मी ऐकली होती. ती कधी आपल्या वाट्याला येईल असे वाटले नव्हते. मी पाय धुऊन देव्हाऱ्यापुढे बसलो आणि दोन्ही हातांनी गडू उचलला.

रिकामे भांडे उचलायचे म्हणून मी हात हलकाच लावला होता. गडू जागचा हलला नाही. पुन्हा नीट धरावा लागला.

“यात पाणी आहे,” मी म्हणालो. “काठोकाठ आहे. भरलेले भांडे डुचमळत नाही, म्हणून आवाज नाही.”

घरात सगळे एकदम श्वास सोडल्यासारखे झाले. गणपती पुढे सरसावला. “बगा आप्पा! हाय की! घ्या आता पानी.”

अप्पांचे डोळे मात्र छपराकडेच होते.

“एकतीस वर्सं जी बोलत हुती,” ते हळूहळू म्हणाले, “ती आपसूक काठाला कशी आली? माजी गंगा वतून दिली आनि दुसरं भरलं. आता तर कळलंच पायजे.”

मी मान वर केली. सगळे अप्पांकडे पाहत होते. कमल तेवढी माझ्या हातांकडे पाहत होती.

३

गडू खाली ठेवण्याआधी मी लाखेची वळी पाहून घेतली होती. अर्धी वळी मळकट होती. जुन्या कुंकवाचा आणि तेलाचा थर तिच्यावर बसला होता. उरलेली अर्धी चकाकत होती. कोणीतरी ती ऊब देऊन सोडवली होती आणि पुन्हा दाबून बसवली होती. त्या चकाकीत राखाडी कण अडकले होते, खसखशीसारखे.

अप्पांनी मला संध्याकाळपर्यंत वेळ दिला. खरे तर त्यांच्या शरीराने दिला होता. माझ्यासारख्या माणसाने चार लोकांना प्रश्न विचारायचे, याची मला त्या क्षणी चोरी केल्याइतकीच भीती वाटत होती. पण शब्द विचारताना करतो तसेच केले: वही उघडली आणि खाली मान घातली.

गणपती फणसाखाली उभ्या केलेल्या लॉरीच्या पायरीवर बसला होता. लायटर उघडत होता, मिटत होता.

“खरं सांगू? त्यो गडू नसता तर आप्पा मागल्या वर्सीच बेळगावला आलं असतं. नुसतं म्हनायचं, मी हितंच मरनार, माजी काशी हितं हाय. दहादा वाटलं, द्यावा टाकून काळीत.”

काळी म्हणजे काळी नदी. “मग टाकला का नाहीत?”

“आईनं आनलेला हाय त्यो,” तो म्हणाला आणि लायटर खिशात घातला. “तिची चप्पलबी ठिवलीया मी, गाडीत. हसू नगा.”

मी हसलो नव्हतो.

शिवानंद पुजारी देवळाच्या पायरीवर भेटले. कळसाच्या अभिषेकासाठी त्यांनी अप्पांकडे गंगा मागितली होती आणि अप्पांनी ती नाकारली होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होते. शुक्रवारी आरतीसाठी ते घरात आले होते आणि देव्हाऱ्यापुढे घटकाभर एकटेच होते.

“कापूर लावला, घंटा वाजिवली, प्रसाद घेटला, आलो. माझ्यावर संशय हाय काय सर?” ते कानडी वळणाने प्रत्येक शब्द सुटा सुटा बोलत. “मी काढलं असतं तर हलवून बघून, पहिल्यासारखं आवाज येतंय तेवढंच भरलं असतं की. चोर मानूस तेवढं तरी हुशार असतंय.”

ते वाक्य मी वहीत लिहून घेतले. परतताना ते माझ्याबरोबर चालत असल्यासारखे वाटत राहिले.

फुलाआत्ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. गॅसवर पेज शिजत होती. तिचे गुडघे गेलेले. खाली बसली की तिला उठवायला दुसरा माणूस लागे. तिने माझ्याकडे पाठ केली.

“इचार. मीच उरलीया न्हवं आता?”

“तुम्हीही कधी मागितली होती का काशी?”

तिने पेजेत चमचा फिरवला.

“बारा वर्सं झाली. आमचं मालक, कृष्णा, जीव घुटमळाय लागला. मी पळत आली हितं, अनवानी. म्हनलं, परशूअण्णा, एक थेंब दे. तर ह्यो म्हनला, लाख फोडली की संपली गंगा, मग मला काय?” तिने चमचा भांड्यावर आपटला. “तसंच गेलं त्ये. कोरड्या तोंडानं. सख्खा भाऊ हाय म्हनून त्याच्या घरात ऱ्हातीया. पन इसरली न्हाई.”

कारण इतके मोठे होते, की मला ते ऐकूनही घेववेना. नजर चुकवण्यासाठी मी कोपऱ्यातल्या चुलीकडे पाहिले. चुलीच्या तोंडात एक मांजर झोपले होते, पाठीवर राख घेऊन.

“चूल पेटवत नाही का?”

“कोन पेटिवनार? मला बसाय येत न्हाई. कमळ आंगुळीचं पानी तापवती पहाटे चुलीवर. त्या मंगळवारी तिनं पेटिवली आनि सकाळच्या गाडीनं गेली म्हायेरी, आई सिरीयस म्हनून. म्हातारी बुधवारी गेली. तीन दिसाचं सुतक फेडून ही ऐतवारी परत आली, अंधार पडल्यावर. मधी सगळं गॅसवर. ही आल्यापासनंबी पेटिवली न्हाई, मांजराचं घर झालंया त्ये.”

मी वही मिटली.

४

कमल परसात चिंचा फोडत होती. दगडावर चिंच, वर एक घाव, चिंचोका बाजूला. मी जवळ गेलो तरी घावांची लय बदलली नाही.

“वैनी,” मी म्हणालो, “लाखेत राख अडकली आहे. लाकडाची राख. कापराने काजळी धरली असती. लायटरने आणि गॅसने राख आलीच नसती. लाख चुलीवर ऊन केलेली आहे. आधीच्या सोमवारी सकाळी गडू वाजला, तो माझ्या फोनमध्ये आहे. चूल त्यानंतर एकदाच पेटली, मंगळवारी पहाटे. गडू तुम्ही गेल्यावर उघडला असे सगळे धरून चालले आहेत, म्हणून तुमचे नाव कोणी घेत नाही.”

घाव. चिंचोका.

“आणि या सोमवारी गडू तुमच्या हातात होता. मी उचलला तेव्हा मला एका क्षणात कळले की तो भरलेला आहे. तुम्हालाही कळले असणार. अप्पा रिकामी म्हणाले आणि तुम्ही गप्प राहिलात.”

तिने दगड खाली ठेवला. ती रडेल असे मला वाटले होते. ती पदराला हात पुसत राहिली, पुसून झाले तरी.

“सोमवारी दुपारी भावाचा फोन आला,” ती म्हणाली. “आई काय खाईना, बोलंना. एवडंच इचारती म्हनला, कमळीच्या घरात काशी हाय न्हवं? जन्म गेला तिचा मोळ्या वाहन्यात. दांडेलीसुदिक बगितली न्हाई तिनं. काशी म्हंजे काय, तिला काय ठावं, तम्मा? पन मागितली.” तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ.

“अप्पांना विचारले का नाहीत?”

“आत्तीला काय म्हनले ऐकलंसा न्हवं?” तिने माझ्याकडे पाहिले. “तवा मी नवी नवरी हुती. दाराआड उभी हुती.”

फणसावर एक पक्षी ओरडला आणि आम्ही दोघेही दचकलो.

“चार चमचं काढलं. औषदाच्या बाटलीत. बास, चारच.”

“तेवढेच काढून बंद केले असते तर कोणाला कधीच कळले नसते. अर्धा गडू होता. चार चमच्यांनी आवाजही बदलला नसता. मग काठोकाठ का भरलात?”

हा एकच प्रश्न मला सुटत नव्हता, आणि तिला तो प्रश्नच वाटला नाही. मी काही विचित्र बोललो असे तिने माझ्याकडे पाहिले.

“देवाच्या भांड्यातलं काढलं की भरून ठिवायचं असतंय,” ती म्हणाली. “उनं कसं ठिवू देवापुढं? कळशीतलं हिरीचं पानी वतलं. वतताना मनात काय न्हाईच आलं. सोमवारी कानाशी हलीवला तवा ध्येनात आलं. भरल्याली हाय म्हनलं असतं तर इचारलं असतं, भरली कुनी.”

शिवानंदांचे वाक्य मला आठवले. चोराने ओतले असते ते आवाज मोजून. हिने ओतले होते ते सवयीने, जसे रोज तुळशीपुढचे, समईतले, देवापुढच्या तांब्यातले भरते. पकडली गेली ती चोरीमुळे नाही. घेतलेले परत भरण्याच्या सवयीने तिला पकडून दिले होते.

“तुमी सांगनार?” तिने विचारले.

“नाही.”

“मला घरात ठिवतील?”

आतून गणपतीचा आवाज आला, एकदा, मग घाईने दुसऱ्यांदा: “आप्पा! आप्पा, डोळं उगडा!”

कमल उठली. चिंचेचे टरफल तिच्या पदराला तसेच चिकटलेले होते.

५

अप्पांनी डोळे उघडले, पण ते कोणावर ठरत नव्हते. गणपती पेला ओठांशी धरत होता आणि ओठ घट्ट मिटलेले होते. पाणी हनुवटीवरून उशीत जात होते. शिवानंद दाराशी येऊन थांबले होते.

कमल खाटेच्या पायथ्याशी बसली आणि सांगू लागली. न थांबता, एकाच पट्टीत, हिशेब दिल्यासारखे. भावाचा फोन, चूल, लाख, चार चमचे, कळशी. सांगून झाल्यावर तिने कपाळ खाटेच्या लाकडाला टेकवले.

गणपतीच्या हातात पेला तसाच राहिला. “मला तरी सांगायचं न्हाई व्हय, कमळ?”

पहिला हुंदका आला तो फुलाआत्तीचा. “माज्या मालकाला न्हाई मिळाली, आनि हिच्या आईला...” ती दाराची चौकट धरून उभी राहिली.

अप्पांचे डोळे कमलवर येऊन थांबले.

“उतरलं का?” त्यांनी विचारले.

“काय, मामंजी?”

“पानी. घशातनं उतरलं का तिच्या?”

“एक चमचा उतरला. दुसरा व्हटातनं भायेर आला.”

“आनि दोन?”

“दोन शेजारच्या म्हाताऱ्यानं मागितलं. त्योबी आजारी हाय.”

अप्पा छपराकडे पाहू लागले. एका कौलातून उन्हाचा ठिपका खाली आला होता आणि त्यांच्या निकामी हातावर पडला होता. मी त्या ठिपक्याकडे पाहत राहिलो; कोणाच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे धैर्य मला नव्हते.

“ती आजारी हुती बेळगावात,” अप्पा म्हणाले, आणि ते कोणाविषयी बोलत आहेत हे सगळ्यांनाच कळले. “दोन गाड्या जात हुत्या दिसाला. गडू घिऊन जावं, असं एकदाबी मनात आलं न्हाई माज्या. म्हनलं, बरी हून येती.”

शिवानंद पुढे आले. “अप्पा, गंगेत जे मिळालं ते गंगाच होतंय. शास्त्र तसंच सांगतंय. काशी आहे तशीच आहे.”

“तुजं शास्त्र तिकडं ऱ्हाऊ दे,” अप्पा म्हणाले. “कमळ. आन ती. फोड.”

गणपती गडबडला. “आप्पा, अजून ती येळ न्हाई आली. ती तुमी शेवटाला...”

“तान लागलीया मला,” अप्पा ओरडले. दोन दिवसांत त्या घरात एवढा मोठा आवाज झाला नव्हता. “मरनाऱ्याचं ऱ्हाऊ दे बाजूला. तान लागलीया!”

कमलने गडू आणला. या वेळी लाख ऊन करायला ती थांबली नाही. विळ्याच्या टोकाने तिने ती उचकटली आणि लाल कपच्या तिच्या मांडीवर पडल्या. माशी बसलेला पेला गणपतीने खिडकीतून बाहेर रिता केला. कमलने त्यात ओतले. अप्पांची मान तिने आपल्या कोपराच्या खोबणीत घेतली, आणि ते प्यायले. घोट घशातून उतरताना दिसत होता. पहिला अडकत गेला, दुसरा सुरळीत, तिसऱ्यानंतर आम्ही मोजणे सोडले.

पेला संपल्यावर त्यांनी दाराकडे पाहिले. “फुले, ये. तूबी घे.”

“मला नगं,” फुलाआत्ती म्हणाली. “तवा दिली न्हाईस.”

“न्हाई दिली.”

मग ती चौकट सोडून, भिंतीला धरत, दुखऱ्या गुडघ्यांनी खाटेपर्यंत आली आणि एक हात पुढे केला. कमलने त्यात थोडे ओतले. आत्तीने ते प्यायले नाही. ती मूठ मिटून तशीच उभी राहिली, आणि बोटांच्या फटींतून पाणी जमिनीवर ठिपकत राहिले.

अप्पा मात्र ओठ चाटत होते, चव घेत होते.

“हिरीचंच लागतंय,” ते कुरकुरले, आणि पेला कमलपुढे पुन्हा धरला.